उंबरपाटातलं जास्तीचं घर

१

सोमवारी सकाळी भाविका ढाकेचा फोन आला तेव्हा मी जळगावात एका दवाखान्याच्या गच्चीवर वायर ओढत होते.

"ज्योतीताई, गावात कोणीतरी घुसलं."

"कुठल्या गावात?"

"उंबरपाटात."

मी वायर सोडून दिली. तापीकाठचं उंबरपाट धरणाच्या पाण्याखाली जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तिथे आता मासे सोडले तर कोणी घुसू शकत नाही. पण भाविकाचं उंबरपाट वेगळं. ते यावलला, तिच्या घराच्या माडीवर, एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

भाविका एका इंजिनीअरकडे घरांचे नकाशे काढते. दोन वर्षांपूर्वी तिला ठोकळ्यांचा एक खेळ सापडला. त्यात ठोकळ्यावर ठोकळा ठेवून हवं ते बांधता येतं. तिने आजोबांना शेजारी बसवलं आणि त्यांचं बुडालेलं गाव बांधायला घेतलं. पंडित आबा सांगायचे, ती बांधायची. हळूहळू गावातून पांगलेल्या घरांतली मुलं-नातवंडंही त्यात शिरली. कोणी चोपड्यात बसून आपल्या आजोबांचं दुकान बांधलं, कोणी धुळ्यात बसून नदीचा घाट. ही सगळी तिथे येऊ शकली, त्याला कारण मी.

इंटरनेटच्या जोडण्या करणं आणि बिघाड शोधणं हे माझं काम. घरातला कॉम्प्युटर बाहेरच्या कोणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त राउटर. राउटर म्हणजे फाटकावर बसलेला माणूस समजा. बाहेरून कोणी आलं की तो त्याला परत पाठवतो, कारण आलेल्याला आत कोणाकडे न्यायचं हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून त्याला सांगून ठेवावं लागतं, की बाबा रे, अमुक क्रमांकाच्या दाराशी कोणी आलं तर त्याला माडीवरच्या कॉम्प्युटरकडे सोड. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. केबलवाला अख्ख्या गल्लीला एकाच पत्त्यावर बसवत होता, म्हणून मी आधी ढाक्यांच्या घराला इंटरनेटवरचा स्वतंत्र, कायमचा पत्ता घेऊन दिला, मग राउटरमध्ये ते एक दार उघडलं. एकच. बाकी सगळी बंद.

म्हणजे चोर त्या दारातून आला असेल, तर दार माझ्या हातचं होतं.

"काय नेलं?" मी विचारलं.

"नेलं काहीच नाही. आबांच्या गोठ्याची भिंत पाडली आणि तिथे एक घर बांधून ठेवलं. एका खोलीचं."

"घर?"

"हो. आणि कॉम्प्युटरच्या नोंदीत बांधणाऱ्याचं नाव आहे 'आबा'."

"मग आबांनीच बांधलं असेल."

"ताई," भाविका म्हणाली, "आबांना अजून माउस धरता येत नाही."

२

मंगळवारी यावलला पोचले तेव्हा पंडित आबा ओट्यावरच बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, डोक्यावर पांढरी टोपी. केळीच्या बागेत आयुष्य गेलेलं. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले.

"पाया मंग पड. आधी सांग, माह्या गोठ्याची भित कोनं पाडली?"

"तेच बघायला आलेय, आबा."

"तूच ते दार उघडं ठेवलं. आमचा भूषण सांगत होता. उघड्या दारातून जनावरही येते, मानूसही येते. मी ते बंद करायले सांगतलं काल."

खरंच बंद केलं होतं. भाविकाने रडवेल्या तोंडाने सांगितलं. येत्या रविवारी उंबरपाटच्या जुन्या लोकांचा मेळावा होता. जे म्हातारे येऊ शकत नव्हते ते आपापल्या गावाहून, नातवंडांच्या मदतीने, या दारातून आत येऊन गाव बघणार होते. आता ते बाहेरच राहणार. आणि आबा म्हणत होते, चोर सापडेपर्यंत दार उघडणार नाही.

माडीवर जाऊन मी ते गाव पाहिलं. दोन वर्षांत ते इतकं वाढलं असेल असं वाटलं नव्हतं. पिंपळाचा पार, मारुतीचं देऊळ, चावडी, उतरत गेलेला घाट. आबांचा गोठा गावाच्या उत्तर टोकाला. त्याच्या एका बाजूची भिंत नव्हती, आणि जिथे भिंत असायला हवी होती तिथे एक बुटकं घर उभं होतं. मातीच्या रंगाच्या भिंती, कौलांऐवजी धाब्याचं छप्पर, पूर्वेला दार. आत कोपऱ्यात चूल. चुलीजवळ लाल, पिवळ्या, निळ्या ठोकळ्यांची एक चौकोनी घडी.

"हे काय असेल?" मी विचारलं.

"गोधडी," भाविकाची आई, सुनंदाबाई, मागून म्हणाल्या. "घडी घातलेली."

मला गंमत वाटली. नासधूस करायला आलेला माणूस गोधडीची घडी घालून जात नाही.

"गावात घरं किती?" मी खाली येऊन आबांना विचारलं.

"एकशे बारा. यादी आहे पुनर्वसनाची. एकेक नाव मी लावून घेतलं."

"यादी कधीची?"

"एकोणऐंशीची."

"आणि हे गाव कोणत्या सालचं बांधलंय?"

"पासष्टचं. मी मॅट्रिक झालो ते साल. तवा पिठाची चक्की नव्हती, म्हनून चक्की ठिवली नाही."

"म्हणजे पासष्टचं गाव, एकोणऐंशीच्या यादीवरून."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर रस्त्याकडे वळवली. "मधल्या काळात एखादं घर इकडं-तिकडं झालं असंल. पन तठी काही नव्हतं. मोकळी जागा होती."

मी "तिथे काय होतं" असं विचारलंच नव्हतं.

३

नोंद साधी होती. रविवारी दुपारी दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी 'आबा' या नावाने कोणीतरी आत आलं आणि तीन अठ्ठावीसला बाहेर पडलं. सत्तेचाळीस मिनिटं.

नाव वापरणं अवघड नव्हतं. या खेळात पासवर्ड ठेवला नव्हता. नाव लिहायचं आणि आत जायचं. पण दुसऱ्याने बांधलेलं पाडायची मुभा भाविकाने दोनच नावांना दिली होती, स्वतःला आणि आबांना. रविवारी सकाळी तिने पाहुण्यांना टीव्हीवर गाव दाखवलं तेव्हा सगळ्यांसमोर 'आबा' हेच नाव लिहून दाखवलं होतं.

"पाहुणे कशाचे?"

"भरीत होतं ना. थंडी पडली की आबा सगळ्यांना बोलावतात. वीसेक जण होते."

"त्या वेळी आबा कुठे होते?"

"परसात. लाकडी बडगीत भरीत कुटत होते. सगळ्यांनी पाहिलंय."

घरचे आणि पाहुणे मिळून या खेळात कधी शिरलेले चौघेच. भाविका स्वतः, तिचा भाऊ भूषण, चोपड्याचा स्वप्नील आणि धुळ्याचा योगेंद्र. योगेंद्र हा धुळ्याला दिलेल्या आबांच्या धाकट्या बहिणीचा, झुंबरबाईंचा नातू. आजीला घेऊन आला होता.

या चौघांपुरतं प्रकरण सोपं वाटत होतं. मग भाविकाने नोंदीतल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

प्रत्येक येणाऱ्याच्या नावापुढे तो कुठून आला त्याचा पत्ता लिहिलेला असतो. घरातल्या माणसापुढे घरातला पत्ता, बाहेरच्यापुढे बाहेरचा. रविवारच्या त्या 'आबा'पुढे जो पत्ता होता तो ना घरातल्या कोणाचा होता, ना बाहेरचा.

तो खुद्द राउटरचा होता.

म्हणजे फाटकावरचा माणूसच उठून आत आला होता.

४

"हॅक झालाय तो," भूषण म्हणाला. तिशीचा, चष्मा, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करणारा. "मी पहिल्यापासून सांगत होतो, दार उघडं ठेवू नका. माझं ऑफिसचं काम याच नेटवर चालतं. उद्या काही झालं तर मला उत्तर द्यावं लागेल."

"तूही खेळतोस ना?"

"कधीमधी. शाळा मीच बांधली." हे सांगताना त्याचा आवाज जरा मऊ झाला.

"रविवारी पावणेतीनला कुठे होतास?"

त्याने हसून दोन्ही तळहात पुढे केले. नखांच्या कडेला अजून काळं होतं. "वांगी भाजत होतो. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर. दोन खेपा झाल्या, साडेतीनपर्यंत. या हातांनी कीबोर्ड धरला असता तर आज भाविकाने मला जिवंत ठेवलं नसतं."

सुनंदाबाईंनी मान डोलावली. जाळाशी तोच होता; त्यांनीच त्याला वांगी नेऊन दिली होती.

मी राउटर तपासला. मुख्य पासवर्ड मी दिला होता तोच. भाविकाने कालपासून बंद ठेवलेल्या त्या एका दारापलीकडे कशाला हात लागलेला नव्हता. राउटर फोडून आत आलेला माणूस पुढे फक्त एक चूल आणि गोधडी मांडून जाईल, हे मला पटेना.

मग स्वप्नीलला फोन लावला. स्वप्नील पाटील, चोपड्यात औषधांचं दुकान. आबांशी त्याचं वाजलेलं होतं. त्याच्या आजोबांचं दुकान पाराच्या डाव्या हाताला की उजव्या, यावरून दोघं महिनाभर बोलत नव्हते.

"मी आबांची भिंत कशाला पाडू?" तो म्हणाला. "पाडायचंच असतं तर माझंच दुकान उचलून पलीकडे नेलं नसतं का? आणि मी त्या वेळी आत होतो, माझ्या नावाने. तिथेच सुनंदाकाकूंना माझ्या फोनवर दुकान दाखवत होतो. नोंद बघा."

नोंद होती. दोन बावन्नला स्वप्नील, दहा मिनिटं. त्याच्यापुढचा पत्ता मोबाइल कंपनीचा. म्हणजे त्याने घरातलं वायफाय वापरलंच नव्हतं.

"तुला तिथे कोणी दिसलं?"

"दिसले ना, आबा! म्हणजे आबांचं नाव डोक्यावर असलेला तो ठोकळ्यांचा माणूस. गोठ्याजवळ उभा होता. मला वाटलं भाविका पाहुण्यांना फिरवतेय. मी लिहिलं, राम राम आबा."

"मग?"

"उत्तर आलं. ते पण नोंदीत असेल."

मी खाली शोधलं. होतं. सत्तेचाळीस मिनिटांत त्या पाहुण्याने लिहिलेली ती एकच ओळ होती, स्वच्छ मराठी अक्षरांत.

'राम राम. जेवनास का?'

५

मी ती ओळ भाविकाला मोठ्याने वाचायला सांगितली. तिने वाचली आणि थांबली.

"आपण असं म्हणत नाही," ती म्हणाली. "आपण 'जेवला का' म्हणतो."

"कोण म्हणतं असं?"

"तिकडचे. अमळनेर, धुळे."

पण बोलीवरून माणूस पकडायचा तर राउटरच्या पत्त्याचं काय? ते कोडं सुटल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं. मी आबांकडे गेले.

"आबा, पंधरा मिनिटं दार उघडू द्या. मी इथेच बसते."

"पंधरा," आबा म्हणाले आणि खरोखर घड्याळ काढून बसले.

मी माझा फोन घरच्या वायफायला जोडला, खेळ उघडला आणि भाविका वापरते तो घरातला पत्ता लिहिला. आत गेले, बाहेर आले. नोंदीत माझ्या नावापुढे घरातला पत्ता. बरोबर.

मग तिथेच बसून, त्याच वायफायवरून, मी चोपड्या-धुळ्याची माणसं वापरतात तो बाहेरचा पत्ता लिहिला. आत गेले, बाहेर आले.

नोंदीत माझ्या नावापुढे राउटरचा पत्ता होता.

"हे काय?" भाविका खुर्चीतून उठलीच.

"मी घरात बसलेय, पण मला रस्त्यावरचाच पत्ता माहीत आहे. मी तो राउटरला सांगितला. राउटर बघतो, अरे, हा पत्ता तर आपलाच. तो मला रस्त्यावर जाऊ न देता फाटकातूनच वळवून आत आणतो, आणि आणताना माझ्या नावावर स्वतःचा शिक्का मारतो. सगळे राउटर असं करत नाहीत. म्हणून करून पाहावं लागलं."

"म्हणजे हॅक नाही?"

"नाही. आता बघ. तो माणूस रविवारी या घरात होता, या वायफायवर होता. पण घरचा नव्हता. घरचा माणूस घरातला पत्ता वापरतो. भूषणच्या दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी घरातल्या पत्त्याच्या आहेत. स्वप्नीलने वायफाय घेतलंच नाही. राहिला कोण? ज्याच्या खेळात बाहेरचा पत्ता आधीच भरून ठेवलेला आहे, आणि ज्याला तो बदलायचा असतो हे ठाऊकही नाही."

मी राउटरची यादी उघडली. रविवारी घरातल्या रोजच्या फोनांखेरीज एकच नवं यंत्र जोडलं गेलं होतं. एक टॅब. नाव 'योगेंद्र'.

भाविका खुर्चीत बसली. तिचा चेहरा उतरला होता. मग एकदम वर पाहून म्हणाली, "पण ताई, ते शक्य नाही. दोन वाजता दही संपलं. मी आणि योगेंद्र गाडीवर दही आणायला गेलो. दोन दुकानं फिरलो. साडेतीनला परत आलो. तो पूर्ण वेळ माझ्यासोबत होता."

"टॅब त्याच्याकडे होता?"

"नाही. हातात काहीच नव्हतं. दह्याचं पातेलं तोच धरून बसला होता."

६

मी योगेंद्रला फोन केला नाही. त्याऐवजी धुळ्याहून येणाऱ्या त्या खेळाडूच्या दीड वर्षाच्या नोंदी काढल्या. त्याने घाट बांधला होता, पाणवठा बांधला होता, आणि घाटाच्या पायऱ्यांवर कपडे आपटायचे दगड एकेक करून मांडले होते. येण्याची वेळ जवळजवळ रोज तीच. दुपारी दीड ते चार. रविवारी मात्र कधीच नाही.

"योगेंद्र काय करतो?"

"दूध डेअरीत आहे. सकाळी दहा ते सहा."

"आणि रविवारी सुट्टी. घरी असतो."

"हो."

"म्हणजे तो घरी असतो त्या दिवशी तो खेळत नाही, आणि कामावर असतो तेव्हा रोज खेळतो."

मी बुधवारी सकाळी धुळ्याची बस धरली.

एरंडोल, पारोळा मागे पडलं. मी खिडकीशी बसून विचार करत होते तो त्या दगडांचा. घाटाचा आकार कोणीही सांगू शकतो. पण कोणत्या पायरीवर कोणाचा दगड, हे तिथे कपडे धुतलेल्या माणसालाच आठवणार.

देवपुरातलं घर सापडायला वेळ लागला नाही. दोन वाजले होते. सुनेने दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. पलंगावर भिंतीला टेकून सत्तरीच्या झुंबरबाई बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, नाकावर जाड चष्मा, मांडीवर उशी आणि उशीवर टॅब. पडद्यावर एकच वाक्य होतं, जोडणी होऊ शकली नाही. त्यांनी ते बोटाने बाजूला सारलं आणि पुन्हा प्रयत्न केला.

"दोन दिन व्हयनात, दार उघडस नही," त्या मला ओळख न विचारताच म्हणाल्या.

"आबांनी बंद करायला लावलंय, अक्का. मी ज्योती. ते दार मीच बसवलं होतं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. घाबरल्या नाहीत. टॅब उशीवरून उचलून बाजूला ठेवला आणि मला बसायला जागा केली.

"ते घर तुम्ही बांधलंत?"

"मीच बांधं. चोरी नही करी. जठे व्हतं तठेच बांधं."

"कोणाचं होतं?"

त्यांनी सांगितलं ते असं. त्या घरात गिरजाबाई नावाची एक बाई एकटी राहायची. नवरा नाही, मूल नाही. गोधड्या शिवून पोट भरायची. झुंबरबाईंना चौथीनंतर शाळेतून काढलं होतं. गूळ-मीठ बांधून आलेल्या कागदांवरची अक्षरं गिरजाबाई त्यांच्याकडून वाचून घ्यायची. गावातल्या सहा-सात मुली दुपारी तिथे असायच्या. गिरजाबाईचं घर ढाक्यांच्या गोठ्याला लागून होतं, आणि गोठा वाढवायचा होता. सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात ती बहिणीकडे महिनाभर गेली. परत आली तेव्हा घराच्या जागी बैल बांधलेले होते. ढाक्यांच्या ओट्यावर बसून ती दिवसभर वाट बघत राहिली, की कोणीतरी येऊन काहीतरी बोलेल. कोणी आलं नाही. संध्याकाळी ती उठून गेली, ती कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही.

"मी बारा वरीसनी व्हती," झुंबरबाई म्हणाल्या. "दार लोटी आत बसनू."

"आबांना सांगितलं नाहीत कधी? की हे घर राहिलं म्हणून?"

"सांगं व्हतं. दोनदा. भाऊ म्हणे, तठे काहीच नव्हतं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "बठ्ठं गाव बांधं भाऊनी. कुत्रं बसे तो ओटाबी बांधा. एक घर तेवढं गाळी टाकं."

"मग आबांचं नाव का घेतलंत?"

"भिंत पाडाले त्येसनंच नाव लागस ना." त्या पुढे म्हणाल्या, "अन् ती भिंत त्येसनीच बांधेल व्हती. माय-बापनी नही. भाऊनी."

मी विचारलं, हे मी आबांना सांगू का. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि सुनेला हाक मारून पिशवी भरायला सांगितली.

७

गुरुवारी दुपारी आम्ही यावलला उतरलो. झुंबरबाई बसमधून खाली येताना एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने पोटाशी धरलेला टॅब. भाविका स्टँडवर आली होती. तिला मी वाटेत सगळं सांगितलं होतं, फोनवर. ती आत्याआजीकडे अशी बघत होती जणू पहिल्यांदाच भेटतेय.

आबा बैठकीत होते. बहीण अशी अचानक आलेली बघून त्यांनी आधी पाणी मागवलं, मग माझ्याकडे वळले.

"सापडला?"

"मी शे भाऊ," झुंबरबाई म्हणाल्या.

आबांना ते कळलंच नाही. मी नोंदी, पत्ते, टॅब, सगळं समजावून सांगितलं. दार उघडं होतं म्हणून कोणी परका आला नाही, हे सांगितलं. राउटरला काहीही झालेलं नव्हतं. भूषण दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. त्याने मान्य केलं, की हॅक नाही.

"तू खेळते?" आबांनी बहिणीला विचारलं. "हा घाट तू बांधला? मी त्या पोराले शाबासकी दिली होती फोनवर."

"त्यानी मले सांगी. पोचनी."

कोणीतरी हसलं असतं, पण आबांचा चेहरा लगेच बदलला. "घाट बरा झाला. पन माह्या गोठ्यात तू हात का घातला? तठी मोकळी जागा होती."

"नव्हती."

"मी सांगतो ना, नव्हतं तठी काही."

झुंबरबाई त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. आवाज चढवला नाही.

"मंग सहासष्टले गोठ्यावर ते जुने वासे चढनात, ते कोठून उनात, भाऊ?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सुनंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. भाविकाने टीव्ही लावला होता. पडद्यावर ते बुटकं घर होतं, बाजूला पडलेली भिंत. गाव रिकामं होतं. बाहेरून कोणी येऊ शकत नव्हतं, त्यामुळे पारावरही कोणी नव्हतं.

"मी वीस वर्साचा होतो," आबा म्हणाले. हे ते कोणाला सांगत होते ते कळत नव्हतं. "बाबा म्हने, कर. मी केलं."

"मले माहीत शे."

"ती संध्याकाळी माह्याकडं बघून गेली. काही बोलली नाही."

झुंबरबाईंनी टॅब उघडून मांडीवर ठेवला. आबांनी भाविकाकडे न बघता हाताने खूण केली. तिला कळलं नाही, मला कळलं. मी माडीवर गेले आणि दार उघडलं. खाली येईपर्यंत टॅबवर गाव आलं होतं, आणि टीव्हीवर गोठ्याच्या वाटेने एक ठोकळ्यांचा माणूस चालत निघाला होता. या वेळी त्याच्या डोक्यावर 'झुंबर' लिहिलेलं होतं. पाडायची मुभा भाविकाने स्टँडवर यायला निघण्याआधीच माडीवर बसून देऊन टाकली होती.

आबा खुर्ची ओढत टीव्हीजवळ सरकले. किती तरी वेळ त्या घराकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

"दार चुकलं," ते म्हणाले.

"काय?"

"उगवतीकडं नव्हतं दार. उत्तरेकडं होतं, गल्लीच्या अंगाले. तू लहान होती. कडी नव्हती त्याले, काथ्याची दोरी बांधे ती. मीच सोडली ना दोरी. मले माहीत आहे."

झुंबरबाईंनी पूर्वेचं दार बुजवलं आणि उत्तरेची भिंत फोडू लागल्या. एक ठोकळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

"बस," आबा म्हणाले. "वरचा राहू दे. बुटकं दार होतं. आपन वाकून जायचो."